पेटीतला पैसा कोणाचा?

एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “माझी आई पंधरा वर्षांपासून माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, बचत गटात आहे. या महामंडळाला सरकार पैसा देतं तो नेमका जातो कुठे? आणि आता लाडक्या बहिणीचे दीड हजार थेट खात्यात येत असताना असलं महामंडळ चालवायची गरज काय?”

प्रश्न रास्त आहे, आणि तो गटातल्या बाईच्या मुलाने विचारला याचं मला बरं वाटलं. मी २००४ मध्ये सहयोगिनी, म्हणजे गावोगाव फिरून गटांना मदत करणारी कार्यकर्ती, म्हणून या कामात आले. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली नऊ-दहा गावं माझ्याकडे होती. पुढे गटांना सेवा देणाऱ्या साधन केंद्रात लेखापाल झाले, मग व्यवस्थापक. आता गटांच्या आणि केंद्रांच्या वह्या तपासून देते, नव्या मुलींना हिशेब शिकवते. तेव्हा उत्तर वह्यांमधूनच देते.

तुमच्या आईच्या गटाच्या पेटीत सरकारचा पैसा जवळजवळ नसतोच. कधी काळी फिरता निधी, म्हणजे आपसात कर्ज फिरवायला मिळणारी रक्कम, मिळाला असेल तर तेवढाच. बाकी सगळा तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा. अकरा बायका महिन्याला शंभर रुपये टाकत असतील तर महिन्याचे अकराशे, वर्षाचे १३,२०० होतात. पंधरा वर्षांत नुसती बचतच १ लाख ९८ हजार. त्यातून आपसात कर्ज द्यायचं, शेकडा दोनने व्याज घ्यायचं. शहरातला माणूस हे ऐकून म्हणतो, वर्षाला २४ टक्के, हे तर लुटणं झालं. पण ते व्याज परत त्याच पेटीत पडतं आणि सगळ्यांच्या वाट्याला येतं. गावातला सावकार शेकडा पाचने देतो, अडलेली बाई दिसली की दहाने देतो, आणि ते व्याज त्याच्या घरी जातं. बाळंतपण, शाळेची फी, बी-बियाणं, अचानकचा दवाखाना या वेळेला सावकाराच्या दारात न जाता पेटीतून पैसे मिळणं ही पहिली मोकळीक असते. मी पाहिलेल्या बहुतेक गटांचं पहिलं कर्ज दवाखान्यासाठी गेलेलं आहे.

त्यानंतर येतं बँकेचं कर्ज. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये ५०० गटांवर प्रयोग करून पाहिला आणि तारण नसलेल्या बायकांच्या गटाला बँकेने कर्ज द्यायची वाट तिथून मळली. हाही पैसा सरकारचा नव्हे. बँक देते, बायका व्याजासकट फेडतात. वर्तमानपत्रात “महामंडळाने महिलांना इतक्या कोटींचं कर्ज वाटलं” अशी बातमी येते तेव्हा माझा जीव खालीवर होतो. महामंडळाने वाटलेलं नसतं. ते बायकांनी आपली पत दाखवून मिळवलेलं असतं.

मग महामंडळाचा पैसा जातो कुठे? माणसांवर. गावात चालत जाणाऱ्या, वही तपासणाऱ्या, बँकेच्या दारात बायकांबरोबर उभ्या राहणाऱ्या माणसांवर. माझं या विषयातलं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याचं स्पष्टीकरण.

माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, महाराष्ट्र सरकारने २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन केलं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. मला गावोगाव जो माविम माहीत आहे तो मात्र पुढे घडला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्प आला, त्याला आयफॅडचं, म्हणजे रोमला मुख्यालय असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीचं साहाय्य होतं. बारा जिल्ह्यांत त्यातून गट उभे राहिले. पुढे २० जानेवारी २००३ रोजी शासनाने माविमला बचत गटांच्या कार्यक्रमांसाठी शिखर संस्था म्हणून नेमलं. आणि २००७ मध्ये तेजस्विनी सुरू झालं, पुन्हा आयफॅडच्या कर्जावर, मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात. आपल्याकडे ते माविमने राबवलं आणि २०१८ पर्यंत चाललं. आज तुम्ही ज्याला माविम म्हणता त्याचा सांगाडा त्या अकरा वर्षांत बांधला गेला: गावात गट, गटांची मिळून गावसमिती, आणि अशा वीसेक गावांचं मिळून एक लोकसंचालित साधन केंद्र. ‘लोकसंचालित’ हा शब्द शोभेचा नाही. केंद्राच्या कार्यकारिणीवर गटांतल्याच बायका असतात, व्यवस्थापक त्यांच्या हाताखाली नोकरी करते. मी केलेली आहे. सातवी शिकलेल्या अध्यक्षांनी माझं प्रवासबिल दोनदा परत पाठवलेलं आहे, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती.

आता पैशाच्या वाटा. एक वाट राज्याच्या अर्थसंकल्पातून येते. महिला व बालविकास विभागाची मागणी मंजूर होते, २२३५ या सामाजिक सुरक्षा व कल्याणाच्या मुख्य लेखाशीर्षाखाली महिला कल्याणाची रक्कम असते, त्यातून पगार, कार्यालयं असा नेहमीचा खर्च भागतो. दुसरी वाट प्रकल्पांची, आणि मोठं काम तिच्यावरच चालतं. तिसरी जिल्ह्यातली: मानव विकास मिशन, जिल्हा वार्षिक योजना, कुठे नाबार्डचं अनुदान. मानव विकास मिशन २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांसाठी आहे, तिथे माविमने तेजश्री नावाने अतिगरीब बायकांसाठी काम केलं. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी ठेवायचं राज्याने ठरवलेलं आहे. शिवाय जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत, दोघींनीही आपापल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचेच असतात. हा ग्रामपंचायतीचा १० टक्के निधी माविमचा नव्हे, पण तुमच्या आईचा आहे. तो कशावर खर्च झाला हे विचारायची जागा महिला ग्रामसभा. ती मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ती फक्त वहीत होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रकल्पाच्या पैशाची चाल समजून घेतली पाहिजे, कारण सगळी ओढाताण तिथे आहे. आयफॅड देतं ते कर्ज असतं, दान नसतं. ते केंद्रामार्फत राज्याला मिळतं आणि फेडायचं राज्याला असतं. शिवाय पैसे आधी हातात पडत नाहीत. राज्याने आपल्या अर्थसंकल्पात तरतूद करायची, खर्च करायचा, बिलं आणि हिशेब जोडून दावा करायचा, मग तेवढी रक्कम परत मिळते. म्हणजे आधी राज्याच्या वित्त विभागाने हात सैल सोडला पाहिजे. एप्रिलमध्ये अर्थसंकल्प मंजूर असतो, पण ‘मंजूर’ आणि ‘वितरित’ यांत महिने जातात. थोडे पैसे सुटतात, मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, मागितलं जातं, ते जिल्ह्याजिल्ह्यातून गोळा होऊन वर जातं, पुरवणी मागण्या येतात, सुधारित अंदाजात कात्री लागते, आणि फेब्रुवारीत एकदम निधी येऊन पडतो. मार्चअखेर खर्च करा. आता प्रशिक्षण मार्चमध्ये एका आठवड्यात उरकता येतं, हजेरीपटावर अंगठे-सह्या मिळतात, जेवणाचं बिल होतं. पण ज्या बाईला हिशेब शिकवायचाय तिला दर महिन्याला एक तास पाहिजे असतो. वर्षाचे बारा तास एका दिवसात कोंबून ती शिकत नाही.

मी एका प्रकल्पात असताना आमचं मानधन चार महिने अडकलं होतं. कोणी खाल्लं नव्हतं, कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होता. त्या चार महिन्यांत आमच्या दोन सहयोगिनींनी काम सोडलं. एक अंगणवाडीत लागली, दुसरी नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेली. तिच्याकडे बावीस गट होते. सहा महिन्यांनी मी त्या गावांत फिरले तर नऊ गटांच्या वह्या शेवटच्या पानावर थांबलेल्या होत्या. कर्जफेड चालू होती, बचत चालू होती, फक्त लिहिलं जात नव्हतं. आणि लिहिलं गेलं नाही की संशय येतो. जाऊबाई म्हणते मी दोनशे दिले होते, सचिव म्हणते नाही. गट पैशापायी फार क्वचित मोडतो. तो न लिहिलेल्या दोनशे रुपयांपायी मोडतो.

म्हणून साधन केंद्राचा ताळेबंद कसा असतो ते सांगते. आकडे समजण्यापुरते गोल घेतले आहेत, प्रमाण मात्र मी पाहिलेल्या वह्यांतलंच आहे. समजा केंद्राखाली २५० गट आहेत, म्हणजे साधारण २,७५० बायका. व्यवस्थापक १५ हजार, लेखापाल १० हजार, पाच सहयोगिनी प्रत्येकी ६ हजार, असे महिन्याचे ५५ हजार, वर्षाचे ६ लाख ६० हजार. भाडं, प्रवास, लेखापरीक्षण यांचे ६० हजार धरले की खर्च ७ लाख २० हजार. उत्पन्न कुठून? गट वर्षाला बाराशे रुपये सेवाशुल्क देतो, ते झाले ३ लाख. काही बँका कर्जवाटप आणि वसुलीच्या कामाचं कमिशन केंद्राला देतात, ते दीड लाख धरा. खत-बियाणं, मसाला कांडप, प्रदर्शनातला गाळा असं काहीबाही ६० हजार. एकूण ५ लाख १० हजार. तूट २ लाख १० हजार. भागिला २,७५०, बाईमागे वर्षाला ७६ रुपये.

हे ७६ रुपये लक्षात ठेवा. प्रकल्प चालू असतो तेव्हा ते प्रकल्पातून येतात. प्रकल्प संपला की पहिल्यांदा तेच जातात. तेजस्विनी २०१८ मध्ये संपलं. त्यानंतरचं नव तेजस्विनी, ५२३ कोटींचा, सहा वर्षांचा ग्रामीण महिला उद्यम विकास प्रकल्प, गावात दिसायला २०२१ उजाडलं. मधली वर्षं ज्यांनी काढली त्यांनाच माहीत. काही केंद्रांनी सेवाशुल्क वाढवलं, गट कुरकुरले पण टिकले. काही केंद्रांत एकटी लेखापाल उरली. त्यातच टाळेबंदी आली. तेव्हा बायकांनी शिलाई यंत्रं बाहेर काढून मास्क शिवले, त्या कमाईतून दोन महिन्यांचं भाडं भागवलेलं केंद्र माझ्या ओळखीचं आहे. ‘स्वावलंबी केंद्र’ असं आपण अहवालात लिहितो. स्वावलंबन चांगलंच. पण डोंगरातल्या बावीस वाड्यांना सेवा देणारं केंद्र आणि तालुक्याच्या गावाजवळचं केंद्र यांना एकच फूटपट्टी लावली की डोंगरातलं मागे पडतं. रस्ता, शाळा, दवाखाना यांना कोणी विचारत नाही की तुम्ही स्वावलंबी कधी होणार.

सहयोगिनी काय करते हे बाहेरून कळत नाही, म्हणून एक दुपार सांगते. वेळ दोनची, कारण त्या आधी रान आणि त्यानंतर गुरं. मारुतीच्या देवळामागच्या ओसरीवर सतरंजी पडते. लोखंडी पेटी मधे. तिची किल्ली एकीकडे, पेटी दुसरीकडे, वही तिसरीकडे, हा नियम. हजेरी, बचत, कर्जाची मागणी, मागच्या कर्जाचा हप्ता, सगळं मोठ्याने बोलून. एकीचा हप्ता नाही. सगळ्या गप्प. सहयोगिनीने त्या वेळी काही बोलायचं नसतं, ही गोष्ट शिकायला मला दोन वर्षं लागली. थोड्या वेळाने शेजारीण सांगते, “तिच्या नवऱ्यानं शेरडू इकून पैसे उडीवले.” मग चर्चा हप्त्याची राहत नाही. शेळी कोणाच्या पैशाने आली होती, विकताना तिला विचारलं का, दावं कोणाच्या हातात होतं, असं सगळं निघतं. त्या दिवशी गटाने ठराव केला की गटाच्या कर्जातून घेतलेलं जनावर विकायचं तर दोघांनी मिळून गटाला सांगायचं. ठरावाच्या वहीत मी तो लिहिला. त्या ओसरीवर स्त्री-पुरुष समानता हा शब्द कोणी उच्चारला नाही. माझ्या लेखी तेच समानतेचं काम होतं, आणि कुठल्याही मासिक अहवालात त्याला रकाना नव्हता.

दुसरी आठवण ग्रामपंचायतीतली. माविमच्या गटांनी ‘घर दोघांचे’ हे अभियान चालवलं, ते तुमच्या आईने केलेलं असेल. घराच्या नोंदीवर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचं. ग्रामविकास विभागाचं तसं परिपत्रक २००३ सालचंच आहे. पण परिपत्रक कपाटात असतं. त्याच्याही आधी, चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम झाला, शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला, आणि १९९२ मध्ये सरकारनेही त्या नावाची योजना आणून सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावायला वाट करून दिली. म्हणजे कागदाची कमतरता कधीच नव्हती. दर वेळी कमी पडलं ते कागद घेऊन दाराशी जाणारं माणूस.

तर त्या दिवशी आम्ही चौदा जोडपी घेऊन गेलो होतो. ग्रामसेवकाने घरांच्या नोंदीची नमुना आठची वही काढली. कडा फाटलेल्या, पानांना चिकटपट्ट्या. एक मावशी पुढे झाल्या, पन्नाशीच्या. नवरा टोपी हातात घेऊन मागे उभा. पारावरच्या कोणीतरी मोठ्याने म्हटलं, “नाव लावलं म्हंजी उद्या हीच घराबाहेर काढील का नाय बघ.” तो माणूस घुटमळला. मी बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, “भिंती तिनंच लिपल्यात.” आणि सही केली. मावशी ग्रामसेवकाला म्हणाल्या, “वाचून दावा.” त्याने दोन्ही नावं वाचली. “पुन्यांदा वाचा.” त्याने पुन्हा वाचली. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, “लग्न झालं तवा म्हायेरच्या कारडातून नाव कमी केलं. हितं कुठं लावलंच नव्हतं. तीस वर्सं मी कुठंच नव्हते बाई.”

नमुना आठ ही कर आकारणीची नोंद असते, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे आणि आम्ही बायकांना तसं सांगायचोही. तरी ते नाव कामाला आलेलं मी पाहिलं आहे. दारू पिऊन घर गहाण टाकायला निघालेल्या नवऱ्याला गावातल्याच माणसाने “वहीत दोघांचं नाव हाय, तिलाबी आण” म्हणून परत पाठवलं, अशी दोन उदाहरणं माझ्या गावांतली.

हा चौदा जोडप्यांचा खर्च किती? प्रवासाचे पैसे आणि सहयोगिनीचे सहा-सात दिवस. तो अर्थसंकल्पात कुठे दिसतो? दिसत नाही. केंद्र सरकार २००५-०६ पासून अर्थसंकल्पाबरोबर जेंडर बजेटचं, म्हणजे बायकांसाठी किती तरतूद आहे ते दाखवणारं, विवरणपत्र काढतं. त्याच्या पहिल्या भागात पूर्णपणे बायकांसाठी असलेल्या योजना येतात, आणि अलीकडच्या वर्षांत त्या भागातला फार मोठा हिस्सा घरकुलाचा आहे, कारण घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं. घर चांगलंच, त्याला माझी ना नाही. पण आकडा वाचताना लक्षात घ्या की विटा-सिमेंटचे हजारो कोटी ‘महिलांसाठी’ म्हणून मोजले जातात, आणि त्या घरात तिचं म्हणणं चालावं म्हणून जी माणसं फिरतात त्यांचे सहा हजार मानधन ‘आस्थापना खर्च’ म्हणून कापायच्या यादीत जातात. कपात करणाऱ्याला वाटतं, आपण कारकुनी कमी केली.

आता लाडकी बहीण. ही योजना २०२४ च्या जून महिन्यात जाहीर झाली, २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांना महिना १,५०० रुपये, आणि त्या वेळी वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सांगितलं गेलं. नव तेजस्विनीचे ५२३ कोटी सहा वर्षांत वाटले तर वर्षाला सुमारे ८७ कोटी पडतात. पाचशे पटींहून जास्त फरक आहे. पैसे खात्यात येणं मला महत्त्वाचं वाटतं, हे आधी सांगते. स्वतःच्या नावाच्या खात्यात, कोणापुढे हात न पसरता पैसे पडतात तेव्हा बाईची चाल बदलते. आमच्या गटांत त्या पैशातून बचत शंभरावरून तीनशेवर गेलेली आहे. कित्येक जणी त्या निमित्ताने पहिल्यांदा एकट्या बँकेत गेल्या.

पण खात्यात आलेल्या पैशाचं पुढे काय होतं हे घरातल्या तोलावर ठरतं. पासबुक कोणाच्या खिशात, एटीएमचा आकडा कोणाला पाठ, हे मी विचारते तेव्हा मिळणारी उत्तरं मला झोपू देत नाहीत. पासबुक तिच्या हातात राहावं म्हणून तिच्या बाजूने बसणाऱ्या दहा बायका लागतात, आणि त्या दहा बायका महिन्याला एकत्र येत राहाव्यात म्हणून ते ७६ रुपये लागतात. एका बाईला वर्षाला १८ हजार देणारं राज्य तिच्यासाठी हे ७६ रुपये कायमस्वरूपी देऊ शकत नाही असं मी मानत नाही. द्यायचं ठरवलं पाहिजे, प्रकल्पाच्या मुदतीशी न बांधता.

महामंडळाचंही सगळं आलबेल आहे असं म्हणायला मी बसलेली नाही. राज्यात २०११ पासून उमेद, म्हणजे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आहे, तेही गट बांधतं. एकाच गावात दोन यंत्रणा, दोन रंगांच्या वह्या, आणि कधी कधी एकच बाई दोन्हीकडे, दोन्हीकडचं कर्ज डोक्यावर. गटांच्या संख्येची उद्दिष्टं दिली की गट कागदावर जन्मतात. कर्जवाटपाचा आकडा हेच यश मानलं की ज्या बाईला कर्ज झेपणार नाही तिलाही ते घ्यायला लावलं जातं. आणि आमच्या पट्ट्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट म्हणजे ऊसतोड. दिवाळी झाली की निम्मं गाव मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन कोयत्यावर जातं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित फेड, हिशेब ही आमची पंचसूत्री. पाच-सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या बाईने नियमित बैठक कशी करायची? वर्षानुवर्षं आम्ही अशा बायकांना ‘अनियमित’ म्हणून बाजूला ठेवलं. सगळ्यात गरजू तीच आणि गटाबाहेर तीच. पुढे काही गटांनी स्वतःच तोड काढली: उचल मिळते त्याच आठवड्यात सहा महिन्यांची बचत एकदम भरून घ्यायची, आणि कारखान्यावर तीन-चार जणी एकत्र असतील तर त्यांची बैठक कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, वहीचं एक पान बरोबर नेऊन. नियम बायकांनी दुरुस्त केला, वरून आदेश आला नाही.

पुरुषांशी बोलणंही फार उशिरा सुरू झालं. आम्ही प्रशिक्षणात दिवसाचं घड्याळ काढायचो. बायका आणि पुरुष वेगवेगळे बसतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण काय करतं ते गोलात भरतात. एकदा दोन्ही कागद भिंतीवर शेजारी लावले. बायकांचा गोल पहाटे साडेचारपासून गच्च भरलेला, पुरुषांच्या गोलात दुपारी एक ते चार ‘आराम, पार’. एक तरुण सरपंच बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मग ह्या गटाच्या बैठकीला येळ कुठून काढत्यात?” त्याच्या गावात पुढे बैठकीच्या दिवशी पाणी पुरुषांनी भरायचं ठरलं. किती दिवस टिकलं? वर्षभर तरी टिकलं होतं, मी तिथून बदलून जाईपर्यंत.

तुम्हाला स्वतः आकडे बघायचे असतील तर माविम ही सरकारी कंपनी आहे, तिच्या हिशेबांवर महालेखापरीक्षकांची नजर असते, आणि माहितीचा अधिकार तिला लागू आहे. पण मुंबईच्या कागदांपासून सुरुवात करू नका. आईबरोबर तिच्या साधन केंद्राच्या वार्षिक सभेला जा. तिथे जमाखर्च वाचला जातो. तीन गोष्टी विचारा: सहयोगिनी किती आहेत, त्यांचं मानधन कुठल्या महिन्यापर्यंत दिलं गेलंय, आणि प्रकल्प संपल्यावर ते कुठून देणार. कार्यकारिणीतल्या बायकांना या प्रश्नांचा राग येत नाही. त्या स्वतः तेच विचारत असतात, फक्त त्यांना उत्तर देणारं कोणी नसतं. ग्रामसभेला जाल तेव्हा १० टक्के निधीचा खर्च वाचून दाखवायला सांगा, आणि त्यातले थोडे पैसे गटांच्या हिशेब-प्रशिक्षणाला किंवा बैठकीच्या जागेला द्यायचा ठराव मांडा. अशी मागणी करणारं गाव मी पाहिलंय. तिथे ओसरीवर पत्रे आले, पावसाळ्यात बैठक चुकत नाही.

आणि जाण्याआधी एक करा. ग्रामपंचायतीतून आपल्या घराचा नमुना आठचा उतारा काढा. आईचं नाव नसेल तर वडिलांशी बोला, दोघांच्या सहीचा अर्ज आणि ओळखपत्रांच्या प्रती द्या, अर्जाची पोच घ्या, आणि मासिक सभेत तो विषय ठेवला गेला का ते विचारत राहा. नोंद झाली की नवा उतारा आईला वाचून दाखवा. ती पुन्हा वाचायला सांगेल.